न कळलेलं पाऊल

"चप्पल पायातून निघाली आणि तुला कळलंच नाही?" धाकट्या दिराने विचारलं, आणि हातातली ती चप्पल वहिनीच्या समोर जमिनीवर ठेवली. फेकली नाही, ठेवली... आणि त्याने ती फेकली असती तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

आतल्या खोलीत त्याची दीड वर्षांची बिट्टी रडून रडून नुकतीच झोपली होती. डावा हात दंडापासून मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये, आणि झोपेतसुद्धा मधूनच एक हुंदका. दुपारी खाली रस्त्यावर पिवळी क्रेन आली होती. बिट्टीला मोठाल्या गाड्यांचं वेड, म्हणून वहिनी तिला कडेवर घेऊन जिना उतरत होती. खालून तिसऱ्या पायरीवर आपलं पाऊल पडलं की नाही, हे तिचं तिलाच उमगलं नाही. पायाखाली काही नाहीच असं क्षणभर वाटलं, आणि मग सगळं जग एका बाजूला कललं. पडता पडता तिने अंग वळवलं होतं, पोरीला छातीशी आवळून आपला खांदा पुढे केला होता, तरीही त्या चिमुकल्या हाताचा कोपर कठड्यावर आपटलाच. वहिनीच्या खांद्यावर काळानिळा डाग उमटला होता. तो कुणी पाहिला नाही, आणि तिने दाखवला नाही.

"नाही रे कळलं," ती म्हणाली. "खरंच नाही कळलं. पायरी आहे असं वाटलं, आणि..."

"लहान मूल कडेवर असताना माणूस पायाकडे बघून चालतं, वहिनी. चप्पल वरच्याच पायरीवर निघून पडली होती. तू तशीच एका चपलेने चार पायऱ्या उतरलीस. असं कुणाला कळत नाही का?"

जे खरं होतं ते तिने सांगितलं होतं, आणि ते खरं इतकं खुळ्यासारखं होतं की तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसत नव्हता. ती समोरच्या चपलेकडे बघत राहिली. आणि कदाचित त्या बघत राहण्यानेच त्याच्या मनातली सगळी भीती, दुपारभर दाबून ठेवलेलं सगळं रडू, एका वाक्यात बाहेर आलं.

"पोटची असती तर कळलं असतं."

दारात उभी असलेली धाकटी जाऊ हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, काय बोलताय हे..." तोही जागच्या जागी थिजला. पण शब्द तोंडातून गेला होता. वहिनीने खाली वाकून ती चप्पल उचलली, पायात घातली आणि स्वयंपाकघरात जाऊन बिट्टीच्या दुधाचं भांडं घासायला घेतलं.

तिसऱ्या दिवशी, बहिणीकडे चार दिवस जाऊन येते, असं सांगून ती घरातून निघाली. ती परत आली नाही.

*

एकोणिसाव्या वर्षी ती त्या घरात लग्न होऊन आली, तेव्हा सासू-सासरे दोघेही हयात नव्हते. घरात होता तो शांत स्वभावाचा नवरा, पुढच्या खोलीतलं त्याचं ट्रेडल छपाईयंत्र, आणि सहा वर्षांचा हा दीर. हा सदानकदा काहीतरी गुणगुणत असायचा; जेवताना, पाटी पुसताना, अगदी ताप आला तरीही. म्हणून तिने त्याचं नाव भुंगा ठेवलं. पहिल्या दिवशी तो दाराआडून तिच्याकडे बघत होता. तिने विचारलं, "काय हवंय?" तर म्हणाला, "तू राहणार आहेस का? मागे मावशी आली होती, ती गेली."

"राहणार आहे," तिने सांगितलं होतं.

ते घर आठवलं की तिला सगळ्यात आधी वास आठवायचा... शाईचा, रॉकेलचा, नव्या कागदाच्या रिमांचा. लाकडी खणांच्या पेट्यांत शिशाचे खिळे असायचे, एकेका अक्षराचा एकेक खण. नवरा एक एक खिळा उचलून ओळी जुळवायचा, आणि महिन्याभरात तीही जुळवायला लागली. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशात दिसावं तसं. भुंगा त्या पेट्यांखालीच खेळायचा, तिथेच झोपायचा, आणि अक्षरं शिकला तीही त्या खिळ्यांवरून. शाळेत त्याने पहिल्यांदा पाटीवर सगळी बाराखडी उलटी लिहिली, तेव्हा बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली, "मुलाचे डोळे तपासून घ्यावेत." नवऱ्याला हसू आवरेना. म्हणाला, "डोळे उत्तम आहेत, फक्त तो छापखान्यात शिकलाय. बाईंना म्हणावं, पाटी कागदावर दाबून बघा."

एरवी कधी मोठ्याने न बोलणारा तो माणूस त्या दिवशी भिंतीला पाठ टेकून पोट धरून हसला होता. त्याचं तसं हसणं तिने आयुष्यात तीनदाच पाहिलं. पाच वर्षं संसार झाला, आणि छातीच्या दुखण्याने तो गेला.

तेराव्या-चौदाव्या दिवशी तिचा भाऊ तिला न्यायला आला. "तू अजून पंचविशीचीही नाहीस," तो म्हणाला. "मूल नाही, बाळ नाही. इथे कुणासाठी राहायचं? दिराला त्याची मावशी सांभाळेल." भुंगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. तो यंत्राच्या मोठ्या चाकावर हात ठेवून बसला होता, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच काहीही गुणगुणत नव्हता. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. थांब असं म्हणण्याचा आपल्याला हक्क नाही, हे अकरा वर्षांच्या पोराला कळत होतं, आणि तेच तिला बघवलं नाही.

"एक ऑर्डर अर्धवट राहिलीय," ती भावाला म्हणाली. "ती संपवते आणि मग बघू."

ती ऑर्डर पुढे सोळा वर्षं चालली.

आधी तिला यंत्राचं भय वाटायचं. उजव्या पायाने खालचं पायडल दाबत राहायचं, एका हाताने कोरा कागद आत सरकवायचा, दुसऱ्याने छापलेला काढायचा. जबडा उघडतो, मिटतो... पायाची लय चुकली की बोटंच सापडायची. पण हळूहळू पाय शहाणा झाला. शाईचा रूळ सुकत आला की पायडल किंचित जड लागायचं, दोन कागद एकदम गेले की तळव्याला बारीकसा धक्का बसायचा. कानाला, डोळ्यांना कळायच्या आत तिच्या तळव्याला कळायचं. लेबलं, पावतीपुस्तकं, दवाखान्याचे केसपेपर, लग्नाची आमंत्रणं... गावातल्या कितीतरी लोकांची नावं तिच्या पायाखालून गेली. मागच्या खोलीत भुंगा अभ्यास करायचा. यंत्र थांबलं की तो आतून ओरडायचा, "वहिनी, थांबलीस का? मला त्या आवाजाशिवाय गणितं सुटत नाहीत." मग पाय भरून आलेले असले तरी ती आणखी शंभरेक कागद काढायची.

तो शिकला. जमीन मोजणीच्या खात्यात सर्व्हेअर झाला. दुर्बिणीतून बघून कुठे किती उतार आहे, कुठल्या बांधाची रेषा किती सरकलीय, हे तो बोटभर फरकाने सांगायचा. पहिला पगार झाला त्या संध्याकाळी तो घरी आला, आणि त्याने यंत्राच्या पायडलखाली वीट लावून ते अडकवून टाकलं. "आता पुरे," म्हणाला. "आता तू बसायचं."

ती बसली. पण रिकामे बसलेले पाय काही महिन्यांनी विचित्र वागू लागले. आधी मुंग्या, मग आग, मग कापसावर चालल्यासारखं. इतकी वर्षं यंत्र मारलं, त्याचा शीण असेल, असं तिला वाटलं. त्यात सांगण्यासारखं काय होतं? आणि मग घरात सून आली, बिट्टी आली... आणि ती दुपार आली.

*

बहिणीकडे किती दिवस राहणार? दोन महिन्यांनी तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला एका बाइंडिंगच्या कारखान्यात काम धरलं. कारखाना म्हणजे दोन लांब खोल्या. जमिनीवर बसून फर्मे, म्हणजे पुस्तकाचे मोठाले छापील कागद, घडी घालायचे, एकावर एक चढवायचे, दाभणाने शिवायचे. मालकीण एक धिप्पाड, मोठ्या आवाजाची विधवा बाई होती. तिला सगळे बाइंडरबाई म्हणत. कारखान्यावरचीच एक खोली तिने वहिनीला राहायला दिली. "भाडं कसलं घ्यायचं तुमच्याकडून," ती म्हणाली होती. "तुम्ही पान न वाचता घडी घालता. बाकीच्या आधी वाचतात, मग घडी घालतात, आणि माझं गिऱ्हाईक बोंबलतं."

अकरा वर्षं गेली.

भुंगा दोनदा आला होता. पहिल्यांदा ती खोलीत नव्हती. दुसऱ्यांदा तिने वरून त्याला रस्ता ओलांडताना पाहिलं, आणि ती दाराला आतून कडी लावून भिंतीला टेकून उभी राहिली. त्याने तीनदा कडी वाजवली. "वहिनी, मी आहे," एवढंच बोलला. ती श्वास रोखून उभी होती. रागाने नव्हे... रागावण्याइतकी खात्रीच तिच्याजवळ नव्हती. तो जे बोलला ते खोटं होतं, असं तिला छातीठोकपणे म्हणता आलं असतं तर तिने दार उघडलं असतं, भांडली असती, रडली असती आणि घरी गेली असती. पण रोज पहाटे डोळा उघडला की तोच प्रश्न उशाशी बसलेला असायचा. खरंच, पोटची असती तर कळलं असतं का? आपल्या मायेतच कुठे उणीव होती का? जे मूल आपण जन्माला घातलं नाही, त्याच्यासाठी आपलं अंग पुरेसं जागं राहत नाही का? ज्या पायाने सोळा वर्षं शाईचा थेंब ओळखला, त्या पायाला आपल्या लेकरासाठी एक पायरी ओळखता आली नाही... हे तिच्याच्याने कुणाला सांगवेना.

धाकटी जाऊ दरवर्षी बिट्टीचा एक फोटो पाठवायची. चिठ्ठी नाही, फक्त फोटो, आणि मागे फोन नंबर. वहिनी तो खिडकीशी नेऊन आधी डावा कोपर बघायची. हात पूर्ण सरळ होत नव्हता, किंचित वाकडा राहिला होता. ती तो वाक मागच्या वर्षीच्या फोटोशी ताडून बघायची, आणि मग चेहऱ्याकडे बघायची.

मध्ये एका तपासणीत तिच्या रक्तात साखर निघाली. गोळ्या लिहून दिल्या. त्या ती आठवेल तेव्हा घ्यायची. पाय दुखत नव्हते, उलट आता काहीच होत नव्हतं. मुंग्या थांबल्या होत्या, आग थांबली होती. तिला वाटलं, बरं झालं.

*

"वहिनी, कागदावर हे तांबडं काय उमटवलंत?"

बाइंडरबाई दारात उभी होती. शालेय पुस्तकाचे पांढरे फर्मे खोलीभर पसरले होते, आणि दारापासून वहिनीच्या बैठकीपर्यंत, दर हातभर अंतरावर, लालभडक अर्धं पाऊल उमटलं होतं. वहिनीने मागे वळून पाहिलं. तिला वाटलं कुणी शाई सांडली.

बाइंडरबाईने तिला खाली बसवलं, पाय मांडीवर घेतला, आणि तिचा मोठा आवाज एकदम बारीक झाला. चपलेच्या तळातून घुसलेलं दाभणाचं मोडकं टोक करंगळीच्या खाली तळव्यात रुतलं होतं. आजूबाजूचं मांस राखाडी झालं होतं. करंगळी आणि शेजारचं बोट काळपट पडलं होतं.

"हे आजचं नाही. दोन-तीन दिवस झाले असतील," ती म्हणाली. "तुम्हाला दुखत नव्हतं?"

"नाही हो."

"आत लोखंड आहे, बाई. आणि पाय तर बर्फ झालाय."

"खरंच कळलं नाही," वहिनी म्हणाली, आणि आपलेच शब्द ऐकून तिच्या अंगावर काटा आला. अकरा वर्षांपूर्वीच्या त्याच स्वरात ती ते बोलली होती.

बाइंडरबाईने तिला न विचारता फोटोमागचा नंबर लावला.

*

पायांच्या विकारांची ती डॉक्टरीण तरुण होती आणि मोजकं बोलायची. वहिनीला तिने उंच पलंगावर आडवं केलं. भिंतीशी भुंगा उभा होता, त्याच्या शेजारी जाऊ. केस पांढरे झाले होते त्याचे. आल्यापासून वहिनीने त्याच्याकडे सरळ पाहिलं नव्हतं.

"काकू, डोळे मिटा," डॉक्टरीण म्हणाली. "एका जाड धाग्याने मी तळव्याला स्पर्श करीन. लागलं की हो म्हणायचं. बस, एवढंच."

वहिनीने डोळे मिटले. ती वाट बघत राहिली. खोलीत शांतता होती. कुठेतरी नळाचा थेंब पडत होता, बाहेर कुणी चाकाची खुर्ची ढकलत होतं. बराच वेळ गेला. डॉक्टरीण सामान जुळवत असेल, असं तिला वाटलं. शाळेतल्या आज्ञाधारक मुलीसारखी ती लक्ष देऊन पडून होती, स्पर्श झाला की लगेच हो म्हणायचं, चूक होऊ द्यायची नाही... आणि मग तिला कुणीतरी घशातून, दाबून, विचित्र आवाज काढल्यासारखं ऐकू आलं. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. थोरल्या भावाच्या मृत्यूनंतर रात्री उशीत तोंड खुपसून अकरा वर्षांचा भुंगा असाच रडला होता.

तिने डोळे उघडले. "सुरू करा ना, बाई."

"झालं, काकू," डॉक्टरीण हळूच म्हणाली. "दोन्ही तळव्यांवर दहा-दहा ठिकाणी धागा वाकेपर्यंत दाबून झाला."

भुंगा भिंतीला टेकून खाली बसला होता. त्याने तो धागा पाहिला होता, तळव्यावर टेकताना, वाकताना, उचलला जाताना. आणि त्याच वेळी वहिनीचा तो निवांत, वाट बघणारा चेहरा पाहिला होता.

"पायातून चप्पल निघते आणि कळत नाही, असं कधी झालंय का?" डॉक्टरिणीने विचारलं. तिला पुढचा रकाना भरायचा होता.

भुंग्याने मान खाली घातली. मग जाऊ म्हणाली, "झालंय. अकरा वर्षांपूर्वी. जिन्यावर."

"म्हणजे तेव्हाच नसा बऱ्याच गेल्या होत्या. साखर कितीतरी आधीपासून असणार, कुणी तपासलीच नाही," डॉक्टरीण म्हणाली. "संवेदना नेणाऱ्या नसा टोकाकडून मरत येतात. आधी मुंग्या, आग. मग सगळं शांत होतं आणि माणसाला वाटतं बरं झालं. मग पायाखाली काय आहे, पाऊल कुठे पडलंय, पायात चप्पल आहे की नाही, काहीच कळत नाही. ते लक्ष देण्या न देण्यावर नसतं. कितीही जपून चाललं तरी कळणार नाही."

"मी बरीच वर्षं पायाने यंत्र मारलं," वहिनी म्हणाली. "त्याने झालं असेल."

"त्याने नाही. साखरेने."

आजाराचं नाव ऐकून माणसं खचतात. वहिनीच्या छातीवरून मात्र अकरा वर्षं बसलेलं काहीतरी उठलं आणि निघून गेलं. कितीही जपून चाललं तरी... ते वाक्य तिने मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिलं. माया कमी नव्हती. पाय नव्हता. पायच नव्हता तिच्यापाशी त्या दिवशी. तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळत होतं, आणि डॉक्टरिणीला वाटलं ती घाबरली आहे.

मग डॉक्टरिणीने पेनसारखं एक यंत्र गुडघ्यामागे टेकवलं. त्यातून फूस्स, फूस्स असा आवाज आला. रक्त वाहण्याचा आवाज. घोट्यापाशी तो पुसट झाला. पावलावर टेकवलं, तेव्हा काहीच आलं नाही.

"नसा परत येणार नाहीत," ती म्हणाली. "पण ही दुसरी गोष्ट आहे. खाली रक्त नेणारी वाहिनी आतून बुजत आलीय. जखम भरायला रक्त लागतं. जांघेतून बारीक नळी घालून, फुगा फुगवून ती उघडायचा प्रयत्न करता येईल. उघडली तर दोन बोटं जातील, पाय राहील. नाही उघडली तर गुडघ्याखालून..."

*

"सरळ कापूनच टाका म्हणावं," संध्याकाळी वॉर्डात वहिनी म्हणाली. "त्या नळीच्या खटाटोपात तुझ्या रजा जातील. मला लाकडाचा पाय चालेल. माझं काम बसूनच असतं."

भुंगा स्टुलावर बसला होता. त्याने संमतीचा कागद हातात धरला होता आणि तो पुन्हा पुन्हा सरळ करत होता.

"वहिनी," तो म्हणाला, "मी जमिनीचा बोटभर उतार ओळखतो. त्याचा पगार घेतो. तुझं चालणं बिघडलेलं मला दिसलं नाही. लग्नाआधी वर्षभर तू भिंतीला हात लावून चालायचीस. ते मी बघायचो, आणि वाटायचं, वयाने."

"चाळिशीत कसलं वय रे," ती म्हणाली.

"मी जे बोललो..."

"ते राहू दे."

"नाही, मला बोलू दे. अकरा वर्षं तोंडात धरून बसलोय. त्या दिवशी मी पोरीसाठी घाबरलो होतो, पण तेवढंच नव्हतं. ज्या माणसाच्या भरवशावर मी वाढलो, ते माणूस पडू शकतं, हेच मला सोसलं नाही. आणि मी तुला तिथे मारलं, जिथे तुला सगळ्यात लागेल हे मला माहीत होतं. तू माझ्यासाठी थांबलीस. तुला स्वतःचं मूल झालं असतं, तू जाऊ शकली असतीस... आणि मी तेच..."

वहिनीने पांघरुणाची कड सरळ केली.

"तुला एक सांगू?" ती म्हणाली. "मी तुझ्यावर रागावून दार लावलं नव्हतं. मला ते खरं वाटलं होतं. मला वाटलं, पोराला माझ्यातलं जे कळलं ते मलाच कळलं नव्हतं. रोज वाटायचं. आज ती बाई म्हणाली ना, कितीही जपून चाललं तरी... तेव्हा सुटले."

भुंग्याने मान वर केली. आपल्या एका वाक्यावर ती बाई अकरा वर्षं विश्वास ठेवून जगली, हे त्याला आत्ता कळत होतं. त्याच्या चेहऱ्यावरचं ते दुःख वहिनीला बघवेना. तिने हात पुढे केला, त्याच्या हातातला कागद काढून घेतला आणि म्हणाली, "पेन दे. करा म्हणावं तो फुगा. तुझ्या रजा गेल्या तर गेल्या."

*

रक्तवाहिनी उघडली. पूर्ण नाही, पण पुरेशी. दोन बोटं गेली, पाय राहिला. चौथ्या दिवशी डॉक्टरिणीने पावलावर पुन्हा ते पेन टेकवलं, आणि अगदी हलका, पण अखंड असा आवाज त्यातून येत राहिला. बाइंडरबाई भेटायला आली होती, तिने तिथल्या तिथे टाळ्या वाजवल्या आणि नर्सने तिला बाहेर काढलं.

ज्या दिवशी वहिनी घरी आली, त्या दिवशी दार उघडायला बिट्टी आली. साडेबारा वर्षांची, लांब हातापायांची, बापासारखं नाक असलेली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. वहिनीचे डोळे सवयीने कोपराकडे गेले.

"मोठी आई, तो हात ना? त्याच्याने मी सगळ्यात लांब चेंडू फेकते," बिट्टी म्हणाली. "वाकडा आहे म्हणून बरोबर फिरतो. आमचे खेळाचे सर म्हणतात, सरळ करून घेऊ नकोस." आणि मग तोच हात तिने वहिनीच्या कमरेभोवती टाकला आणि तिला उंबऱ्याच्या आत घेतलं. "डावा पाय उचला. हां. आता ठेवा. ठेवलात. आता उजवा."

घरात नवे नियम झाले होते. जाऊने ते कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावले होते. अनवाणी चालायचं नाही. बूट घालायच्या आधी आत हात घालून बघायचं. पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही. रोज सकाळी तळवे, टाच, बोटांच्या बेचक्या नीट तपासायच्या, कारण दुखलं तरी वहिनीला ते कळणार नव्हतं, आणि ते दुसऱ्या कुणाला तरी कळायला हवं होतं. ते काम भुंग्याने स्वतःकडे घेतलं. कामावर जायच्या आधी तो कोमट पाण्याचं घमेलं आणायचा, त्यात आपला कोपर बुडवून बघायचा, आणि तिच्यासमोर जमिनीवर बसायचा. पहिल्या सकाळी तिला फार संकोच वाटला.

"उठ रे. मी धुते माझे पाय. एवढा मोठा साहेब तू..."

"तुला वाकून दिसतं का खालून?"

"नाही."

"मग गप बस."

त्याने तिचा डावा पाय धुतला, उजेडाकडे वळवून पाहिला, फडक्याने टिपला. मग उजवा घेतला, धुतला, टिपून कोरडा केला. सोळा वर्षं पायडल मारून मारून त्या तळव्यावर धरलेला टणक घट्टा अजून तसाच होता. त्याने त्यावरून अंगठा फिरवला. करंगळीच्या जागी राहिलेल्या गुळगुळीत व्रणावर हात ठेवला. आणि मग खाली मान घालून तो तिथेच थांबला, फडकं तसंच हातात धरून.

वहिनी बाहेर बघत होती. रस्त्यावर शाळेची पोरं निघाली होती, त्यांत बिट्टी मागे वळून वर हात हलवत होती. वहिनीनेही हात हलवला. मग तिच्या लक्षात आलं की बराच वेळ झाला, आणि हा अजून उठलेला नाही. तिने खाली पाहिलं. त्याचा पांढरट झालेला माथा तेवढा तिला दिसत होता, आणि त्याच्या हातातलं तिचं पाऊल.

"पुसून झालं ना रे?" तिने विचारलं. "अजून ओला दिसतोय पाय."

"हो," तो मान वर न करता म्हणाला. "अजून ओलाच आहे. थांब जरा."

ती थांबली.